घर वीकणे आहे

आमच्या गॅलरीच्या कठड्याला टांगलेल्या पाटीची मागची बाजू मला तोंडपाठ आहे. गंजलेला पत्रा, चार कोपऱ्यांत चार तारा, मध्यभागी एक पोचा, आणि पूर्वी त्याच पत्र्यावर असलेल्या कुठल्याशा सायकलच्या दुकानाची अर्धवट खरवडलेली अक्षरं. पुढच्या बाजूला 'घर विकणे आहे' असं लिहिलंय, असं मला सांगण्यात आलं होतं. सांगणारे आमचे हे. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, हा माझाच गाढवपणा.

ह्यांना सगळी गल्ली पेंटर म्हणते. मी तोंडावर 'अहो' म्हणते, पाठीमागे पेंटरच. या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आले, एका तासात छापून मिळायला लागले आणि पेंटरांचे ब्रश जिन्याखाली डब्यात पडून राहिले. माणूस मात्र बदलला नाही. अजूनही रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या पाटीवरची शिरोरेषा वाकडी दिसली की त्यांचं जेवण बिघडतं.

घर विकायला का काढलं ते आधी सांगते, म्हणजे माझा राग वाजवी आहे की नाही ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. आमचं घर वरच्या मजल्यावर. खाली रस्त्याला लागून एक दार, दारातून सरळ चौदा पायऱ्यांचा उभा जिना. माझे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "काकू, जिना बंद." मी म्हटलं, "जिना बंद तर मी राहू कशी?" ते म्हणाले, "राहा की. फक्त उतरू नका." झालं! सात महिने मी उतरले नाही. भाजी वर येते, औषधं वर येतात, बातम्याही वर येतात, फक्त मी खाली जात नाही. समोरच्या बसस्टॉपवर कोण किती वाजता येतं, कोणाची बस चुकते, कोण छत्री विसरतं, सगळं मला माहीत. आणि त्यांतल्या एकालाही मी माहीत नाही.

अशात एक घर सापडलं. दवाखान्यातली सिस्टर, जिने माझ्या गुडघ्यांत इंजेक्शनं दिली, तिचंच. तळमजल्यावर तीन खोल्या आणि दाराला एकही पायरी नाही. ती मुलीकडे राहायला जाणार होती. म्हणाली, "काकू, महिनाअखेरपर्यंत मी दुसऱ्या कोणाला दाखवत नाही. तेवढ्यात तुमचं विका." तिने दाराचा फोटो पाठवला. दार उघडं, आणि बाहेरची फरशी थेट आतल्या फरशीला टेकलेली. त्या दाराकडे मी जितका वेळ बघत बसले, तितका वेळ लग्न ठरताना पेंटरांच्या फोटोकडेही बघितलं नव्हतं.

आधी एक एजंट आला. पायांत टोकदार बूट, हातांत दोन फोन. म्हणाला, "पाटीबिटीचा काळ गेला, काका. आता सगळं फोनवर. तरी एक फ्लेक्स लावू आपण, लोकांना ओळख पटते." आणि त्याने फ्लेक्सचा नमुना दाखवला. त्यात घर कोपऱ्यात, काडेपेटीएवढं. बाकी सगळीकडे हाच, कोट घालून, हाताची घडी घालून हसतोय.

पेंटरांनी नमुना दोनदा वाचला. म्हणाले, "विक्री तुमची आहे की घराची?" आणि त्याला जिना दाखवला.

तेव्हा मीही पेंटरांचीच बाजू घेतली होती, हे कबूल करते. कारण हे घर आम्हाला पाटीनेच मिळालं होतं. एकतीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं याच रस्त्याने चाललो होतो. घर बघायला नाही, चष्म्याची काडी दुरुस्त करायला. या दाराला एक फळकूट टांगलेलं होतं आणि त्यावर खडूने लिहिलेलं, 'घर वीकणे आहे.' वीकणे! दीर्घ! पेंटर थांबले. मी दंड ओढते आहे, हे हलत नाहीत. शेवटी यांनी बेल वाजवली. घरासाठी नाही, वेलांटीसाठी. आतून एक म्हातारे गृहस्थ आले. यांनी त्यांना ऱ्हस्व-दीर्घ समजावलं, त्यांनी यांना चहा पाजला, मी तोवर गॅलरीत उभी राहून बघितलं तर सगळा रस्ता उन्हात चमकत होता. चष्मा राहिला तसाच, घर झालं. तेव्हा पाटीची किंमत मला कोणी शिकवू नये. फोनवर तोच बघतो जो घर शोधत असतो. पाटी त्यालाही थांबवते जो शोधत नसतो.

म्हणून पेंटर म्हणाले, "आपला बोर्ड मी रंगवतो," तेव्हा मी म्हटलं, रंगवा. आठवडा घेतला त्यांनी! जिन्याखाली बसून, दार लोटून. विचारलं तर म्हणायचे, "घर या शब्दाला काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. मिरवायला काही नसलं की अक्षर उघडं पडतं. घाई करू नकोस." मी कशाला घाई करू? कॅलेंडर करत होतं. महिन्याच्या एक तारखेला पाटी लागली. बाहेरून.

दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. पेंटर खिडकीशी जाऊन बोलले. "हो, हो. मीच. किती बाय किती? पिवळ्यावर निळं उठून दिसेल." फोन ठेवला तेव्हा चेहरा फुललेला.

"बोर्ड बघून फोन आला!"

"घरासाठी?"

"नाही गं, बोर्डासाठी. चष्मेवाल्याला तस्साच हवाय."

मला हसू आलं. खरंच आलं, पहिल्यांदा. मग न्हाव्याचा फोन आला. मग एका दाताच्या डॉक्टरीणबाईंचा. मग शिकवणीवाल्याचा. दोन आठवड्यांत पेंटरांना सहा पाट्यांचं काम मिळालं आणि घराला एक गिऱ्हाईक नाही. माझं हसू कधीच आटलं होतं. "अहो, लोक पाटी वाचतात, फोन करतात, आणि घराबद्दल एक शब्द विचारत नाहीत, असं कसं होईल?"

"लोकांना घर नको असेल," पेंटर म्हणाले आणि ब्रश धुवायला घेतले.

आता पेंटर सकाळी डबे घेऊन बाहेर पडायचे ते दुपारी जेवायला यायचे. आणि नेमकी ते नसतानाच बेल वाजायची. खालची बेल. मी "थांबा हं!" असं ओरडत उठायची, काठी शोधायची, जिन्याच्या तोंडाशी यायची, दोन पायऱ्या उतरायची, तोवर बेल वाजवणारा कंटाळून गेलेला. गॅलरीतून वाकून बघावं तर खालच्या छज्ज्यामुळे दारातला माणूस दिसत नाही. एकदा मी किल्ली फडक्यात गुंडाळून वरून टाकली. ती बरोबर गटाराच्या जाळीत गेली. त्या माणसाने वर बघून हात हलवला, आणि बस आली तशी पकडून गेला. पेंटरांनी नवी किल्ली केली आणि मला म्हणाले, "वस्तू जरा जपून वापरत जा." तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि तळपाय तर धड टेकतही नव्हते.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी सिस्टरचा फोन आला. तिचा आवाज ओशाळलेला. "काकू, एक कुटुंब मागे लागलंय. मी रविवारपर्यंत थांबते. त्यापुढे मलाही जमणार नाही हो."

मी पेंटरांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." एकेचाळीस वर्षांत या 'बघू'तून काही निघालेलं मी पाहिलेलं नाही.

गुरुवारी सकाळी ते दाताच्या दवाखान्यावर पाटी चढवायला गेले, आणि मी जिना उतरले. उतरले कसली, बसले. एका पायरीवर बसायचं, पाय खाली टाकायचे, हातांवर भार घ्यायचा, पुढच्या पायरीवर बसायचं. चौदा वेळा. पाचव्या पायरीला रडू आलं, नवव्याला शिव्या आल्या. खाली पोचल्यावर दार उघडलं तर रस्ता केवढा तरी मोठा आणि गोंगाटाचा. सात महिन्यांत मी विसरलेच होते की खालून सगळं एवढं मोठं दिसतं. काठी टेकत, गाड्यांना हात दाखवत मी पलीकडे बसस्टॉपवर गेले, बाकावर टेकले आणि वर बघितलं.

काय सांगू! पिवळ्या जमिनीवर गर्द निळा 'घ', त्याला पांढरी कड, खाली लाल सावली. 'र' असा वळलेला की बोट फिरवावंसं वाटावं. शिरोरेषा दोरी धरल्यासारखी सरळ. घर. इतकं देखणं अक्षर त्यांनी कोणाला काढून दिलं नव्हतं.

मग मी चष्मा पुसला आणि बाकीचं शोधलं. शोधावंच लागलं. 'घर'ने जवळजवळ सगळा पत्रा व्यापलेला. खाली, बॉर्डरच्या वेलबुट्टीत लपल्यासारखं, माझ्या करंगळीएवढ्या अक्षरांत, 'विकणे आहे. चौकशी आत करावी.' आणि त्या ओळीच्या वर, उजव्या कोपऱ्यात, जशी ते आयुष्यभर प्रत्येक पाटीवर करत आले तशी झोकदार सही, 'पेंटर', आणि तिच्याखाली फोन नंबर. ठळक, लाल. 'विकणे आहे'च्या दुप्पट!

म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने काय वाचायचं? घर. पेंटर. नंबर. ज्याला पाटी हवी तो फोन करणार, आणि ज्याला घर हवं, तो दाराशी येऊन नाक वर करून वाचणार, बेल वाजवणार आणि चौकशी करणार. कोणाकडे? जिला खाली येता येत नाही म्हणून घर विकायचंय, तिच्याकडे!

आणि हे चुकून झालं म्हणावं, तर पेंटरांची जागा कधी चुकत नाही. भल्यामोठ्या लांबलचक नावांची दुकानं त्यांनी वीतभर फळीवर बसवली आहेत. त्यांना पत्रा पुरला नाही असं एकदाही झालेलं नाही.

मी रागाने परत दाराशी आले. वर जाणं शक्यच नव्हतं, चौदा पायऱ्यांकडे बघूनच ते कळलं. जिन्याखालचं दार ढकललं. स्टूल होतं, लाल रंगाचा डबा होता आणि सगळ्यांत रुंद ब्रश होता. दाराशेजारची भिंत पेंटरांनी हात सैल सोडून रंग ओतून गुळगुळीत केलेली, फिक्कट, एक डाग नाही. मी डबा उघडला आणि तिच्यावर हातभर उंचीची अक्षरं काढली. रंग ओघळले, ओळ चढावर गेली. 'हे घर वीकणे आहे.' दीर्घ. मुद्दाम दीर्घ काढली, भली लांब, तिचं टोक पार 'क'च्या डोक्यावर. या माणसाला मी ओळखून आहे. माझ्या गुडघ्यांसाठी तो 'बघू' म्हणेल, वेलांटीसाठी धावत येईल.

मग स्टूल दारात ठेवलं आणि बसले.

पहिली थांबली ती बस. स्टॉप पलीकडे, पण उलट्या दिशेची बस आमच्या दारासमोर सिग्नलला अडकते. ड्रायव्हरच्या खिडकीतून एका बाईने डोकं बाहेर काढलं. तिला मी वरून कितीदा तरी पाहिलेलं, तिने मला कधीच नाही.

"ओ काकू! हे घर विकायचंय?"

"मग काय लिहिलंय?"

"अहो, तीन आठवडे मी रोज ही पाटी बघतेय. मला वाटलं वर 'घर' नावाचं दुकान आहे! पडदे, उश्या असलं काहीतरी." मागून हॉर्न वाजले. "चारला माझी ड्यूटी संपते. येऊ का?"

"या. मी कुठे जातेय!"

चाराच्या आधी पेंटर आले. जेवायची वेळ टळून गेली होती. दुरूनच मला दारात बसलेली बघून त्यांची पावलं भरभर पडायला लागली, "अगं, तू खाली कशी?" असं म्हणेपर्यंत त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. हातातले डबे त्यांनी तिथेच रस्त्यावर ठेवले.

"ही... ही काय वेलांटी!"

"पुसा मग. आणि नीट लिहा. एवढ्याच मोठ्या अक्षरांत."

"सगळी गल्ली बघतेय!"

"बघू दे की. पाटी त्यासाठीच असते. तुमची मी आज बघून आले."

ते माझ्याकडे न बघता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, माझ्या स्टुलाच्या मागे. मीही मान वळवली नाही. मग मागून आवाज आला.

"'घर' लिहून झालं, आणि पुढचं लिहायला हात उठेना. दोन दिवस तसाच बसून होतो. मग बारीक लिहिलं. म्हटलं, लिहिलं तर आहे."

"आणि मला सांगितलंत, लोकांना घर नको असेल."

"चुकलं."

"तुम्हाला एकट्यालाच हे घर आवडतं का हो? मला नाही आवडत? पण सात महिने मी माणसांच्या टाळूच बघतेय वरून. मला कोणाशी तरी समोरासमोर बोलायचंय. रस्त्यावर उभं राहायचंय. तुम्ही घर सांभाळलंत आणि मला त्यात कोंडून ठेवलंत." हे बोलताना माझा आवाज फाटला, आणि मी तो फाटू दिला.

पेंटर उठले. रॉकेलचा बोळा घेऊन माझी दीर्घ वेलांटी पुसायला लागले. नुसती ती पुसून भागलं नाही, त्यांच्याने राहवेना, सगळीच ओळ पुसली. दोरी ताणली, खडूने आखलं. 'हे घर' एका ओळीत. खालच्या ओळीत, त्याच उंचीचं, 'विकणे आहे'. ऱ्हस्व वेलांटीचं वळण घेताना त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, "काढा." त्यांनी काढली. खाली नंबर घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा सही केली नाही.

रंग ओला असतानाच ड्रायव्हरबाई आल्या, खाकी शर्टावरच. मी म्हटलं, "वर जा, तुमचं तुम्ही बघा. मला विचाराल तर मी जिन्याला नावं ठेवीन." त्या दोन-दोन पायऱ्या चढून गेल्या. तो आवाज ऐकून मला हेवा वाटला. गॅलरीतून ओरडल्या, "काकू, इथून तर डेपोचं गेट दिसतं! पहाटेची ड्यूटी असली तर अगदी पाच मिनिटांत पोचेन!" शनिवारी नवऱ्याला घेऊन आल्या, आणि शनिवारीच ठरलं. मी सिस्टरला फोन लावून नुसतं "अगं" म्हटलं, तर तीच म्हणाली, "काकू, कळलं. सामान बांधा."

त्या गुरुवारी मला वर कसं नेलं ते विचारू नका. खुर्ची, पुढून पेंटर, मागून ड्रायव्हरबाई, आणि मधे मी सूचना देतेय.

आता सिस्टरच्या घरात राहून आम्हाला दोन महिने झाले. पेंटरांनी कठड्यावरचा पत्रा सोडून आणला होता. खालची बारीक अक्षरांची पट्टी त्यांनी कात्रीने कापून टाकली. वरचा तुकडा दाराबाहेर लावला. मी म्हटलं होतं, "लावा, पण या वेळी मागची बाजू बघत बसणार नाही." कोपऱ्यातली सही मात्र तशीच ठेवली आहे, नंबरासकट, आणि पाट्यांसाठी अजून फोन येतात. नुसता डोक्याला ताप.

रोज सकाळी चहा झाला की मी काठी घेते, दार उघडते आणि बाहेर जाते. वळून उभी राहते, पाटी वाचते. दोनच तर अक्षरं. मग आत येते. कालपासून पेंटरही येतात बरोबर. काल म्हणाले, "'र' जरा उजवीकडे झुकलाय गं." मी म्हटलं, झुकू दे.